नलूआत्या, मुक्काम पोस्ट अ‍ॅड-हॉक

भेटल्यावर "कशी आहेस?" असं नलूआत्यांनी कधी कुणाला विचारलं असेल असं मला वाटत नाही. त्या विचारायच्या, "आज कुठल्या मोडमध्ये?" आणि उत्तर मिळेपर्यंत वाट अडवून उभ्या राहायच्या.

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीला हा प्रश्न पाठ होता. भाजीवाल्या कांताबेननी त्यावर आपला तोडगा काढला होता. "कांताबेन, आजे कया मोडमां?" असं विचारलं की हातगाडीवर जी भाजी ताजी असेल तिचं नाव त्या ठोकून द्यायच्या. "भींडाना मोडमां, बेन!" आत्यांना हे अजिबात मान्य नसे. "भेंडी हा मोड नाही," असं बजावत त्या अर्धा किलो भेंडी घ्यायच्या. देवळातले गुरुजी त्यामानाने हुशार. ते नुसतं वर बोट दाखवून "मॅनेज्ड" म्हणायचे. आत्या खूश होऊन दक्षिणा टाकायच्या.

नलूआत्या म्हणजे माझ्या दिवंगत सासऱ्यांची बहीण. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या. आमच्या घरासमोर, गल्लीच्या पलीकडे, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, आणि चारचौघींच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो तिथे स्क्रूड्रायव्हर. निवृत्तीनंतर बायका काशीला जातात, आत्यांनी कॉम्प्युटर घेतला. तो जोडून देणाऱ्याने त्यात विंडोजची उचलेगिरीची प्रत घातली होती. "बधा आवुंज वापरे छे, बेन," असं तो म्हणाला आणि फसला. "सगळी गल्ली चोरी करते म्हणून मी करू?" असं विचारून आत्यांनी त्याच्यासमोरच सगळं पुसून टाकायला लावलं. मग एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून त्यांनी लिनक्स बसवलं. बरेच दिवस पडद्यावर नुसता काळोख होता. पण आत्यांनी आयुष्यभर नववीच्या मुलींना ओहमचा नियम शिकवला होता. काळोखाला घाबरणाऱ्या त्या नव्हत्या.

मी मिरजेची. लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा मला गुजरातीतलं 'केम छो'च्या पुढे काही येत नव्हतं. बी.एस्सी.ला कॉम्प्युटर विषय होता, म्हणजे पाठ करून पेपर लिहिले होते. नवरा मिलिंद गावाबाहेरच्या कारखान्यात शिफ्टला. दुपारी घरात मी आणि सासूबाई, आणि भिंतीवरचं घड्याळ. सासूबाई वाईट नव्हत्या, पण मोजकं बोलायच्या. मिरजेला परत जावं असं मला आठवड्यातून एकदा तरी वाटायचंच.

समोर आत्या होत्या, पण त्यांच्याकडे जायची सोय नव्हती. सासूबाई आणि आत्या, म्हणजे वहिनी आणि नणंद, कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण विचारलं की सगळे एकच सांगत: तांब्याचा बंब. आत्या वेगळ्या राहायला गेल्या तेव्हा बंब कुणी न्यायचा यावरून बिनसलं म्हणे. बंब दोघींपैकी कुणीच वापरला नाही, तो आमच्या माळ्यावर हिरवा पडत होता. दिवाळीचा फराळ मिलिंद पोचवून यायचा. सुनेने ती पायरी चढायची नाही, असं कुणी सांगितलं नव्हतं, पण मला कळलं होतं.

मग आमच्याकडे टेलिफोनवरून ब्रॉडबँड आलं. आत्यांनी मिलिंदला गाठलं आणि त्यातलं थोडं आपल्यालाही हवं म्हणून सांगितलं. मिलिंदने भीत भीत आईला विचारलं, "गल्लीवरून एक वायर टाकू का? वायर काही बोलत नाही." सासूबाई म्हणाल्या, "मोरीच्या खिडकीतून ने." वायर लागली. उत्तरायणात पतंगाच्या मांज्याने ती कापली गेली. पुन्हा जोडली. मग भाद्रपदात आमच्या मंडळाचा गणपती आला. तो दरवर्षी आदल्या वर्षीपेक्षा उंच असतो, आणि पुढे एक जण बांबूने गल्लीतल्या वायरी वर उचलत चालतो. बाप्पाचा मुकुट नेमका आमच्याच वायरीत अडकला. मंडळाच्या लोकांनी ती सरळ तोडली आणि तिथेच उभं राहून विघ्नहर्त्याची आरती म्हटली.

"पुरे झालं," आत्या म्हणाल्या. दोन्ही घरांत वायरलेस कार्डं आली. सासूबाईंनीही हरकत घेतली नाही. "हवेतून जातंय ना? हवा काही माझी नाही," असं म्हणून त्या पोळ्यांना लागल्या.

मिलिंदची शिफ्ट असल्यामुळे आमच्या बाजूचं कार्ड चालू करायचं काम माझ्याकडे आलं, आणि आत्यांना इतक्या वर्षांनी विद्यार्थिनी मिळाली. शिकवणी गॅलरीतून गॅलरीत चालायची, निम्मी गल्ली ऐकायची.

"हे बघ वैशाली, कार्ड एकच. पण त्यानं जगात वागायचं कसं, हे मोडवर ठरतं. मॅनेज्ड मोड म्हणजे कार्ड एक मोठा धनी शोधतं आणि त्याच्यामार्फतच बोलतं. शेजारच्याशी बोलायचं तरी धन्याकडून. मास्टर मोड म्हणजे स्वतःच धनी. दांडिया बाजारात घरटी एक असतो. सेकंडरी म्हणजे मास्टर पडला तर उभा राहायला ठेवलेला. आपला मिलिंद!"

"आणि आपण कुठला लावायचा?"

"अ‍ॅड-हॉक! मध्ये कुणी नाही, वर कुणी नाही. दोघं सरखे. फक्त नेटवर्कचं नाव आणि चॅनल दोघांचं एक पाहिजे. एवढं जमलं की वांधो नाही."

नाव त्यांनीच ठरवलं: वरणफळं. शेजारचे गुजराती लोक दाळ-ढोकळी असं ओळखतील, वरणफळं ओळखणार नाहीत, असा हिशेब होता. पण आधी आसपास कोण काय बोलतंय ते ऐकू या, म्हणून आत्यांनी मला कार्ड मॉनिटर मोडमध्ये टाकायला सांगितलं. या मोडमध्ये कार्ड हवेतलं सगळं ऐकतं, पण कुणाशी जोडलं जात नाही आणि आपण होऊन एक अक्षर बोलत नाही. मी टाकलं आणि त्यांच्या कार्डाचा आवाज यायची वाट बघत बसले. दुपार गेली. चहा झाला. पडद्यावर काही नाही. शेवटी आत्या गॅलरीत आल्या आणि करवादल्या, "अगं, तू बोलत का नाहीस?"

"मी तुमचं ऐकतेय, आत्या."

"मी पण तुझंच ऐकतेय ने!"

दोघींनीही कार्डं मॉनिटरमध्ये घालून ठेवली होती. दोघी कान टवकारून बसलेल्या आणि बोलायचं कुणीच नाही. मी हसत सुटले. आत्याही हसल्या, पण मध्येच थांबून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "या गल्लीत हा जुनाच रोग आहे." मग नेहमीचं वाक्य आलं: "आधी कार्ड कुठल्या मोडमध्ये आहे ते बघावं, मग रडावं."

हे वाक्य त्या कशालाही लावायच्या. गॅस पेटत नाही, रिक्षावाला चिडलाय, माझा चेहरा उतरलाय, सगळ्याला तेच.

जोडणी झाली आणि माझ्या दुपारी बदलल्या. काळ्या पडद्यावर आम्ही एकमेकींना ओळी लिहून पाठवायचो. आत्या मला लिनक्स शिकवायच्या, आणि अधूनमधून गुजराती. कुठली आज्ञा काय करते हे आधी मी आपल्या शब्दांत लिहायचं, मगच चालवायची, असा नियम होता. चुकलं की लिहायच्या, "उभी राहा." मी गल्लीच्या अलीकडे, त्या पलीकडे, तरी मी खरंच उभी राहायची.

सासूबाई या काळात खोलीतून ये-जा करायच्या. पडद्याकडे बघायच्या नाहीत. एकदा कपड्यांच्या घड्या करता करता खिडकीकडे बघून म्हणाल्या, "भाजणी करपतेय कुणाची तरी."

मी टाइप केलं: भाजणी करपतेय.

उत्तर आलं: करपत नाहीये. खरपूस होतेय.

"खरपूस होतेय म्हणे," मी म्हणाले.

"कोण म्हणे?"

"असंच, आई."

"हं. गॅस बारीक केला तर बरं होईल."

मी तेही कळवलं. असं सुरू झालं. पाणी उद्या येणार नाही, कांताबेनने वजनात मारलं, पिंपळावर माकडं आलीत, सगळं माझ्यातून इकडून तिकडे जायचं. दोघींपैकी कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही. अळीमिळी गुपचिळी. आत्यांनी एकदा लिहिलं: "तुला तुझा मोड सापडला. रिपीटर. दोन ठिकाणांना एकमेकांचं ऐकू येत नसलं की मध्ये उभं राहून पोचवणारा." मी विचारलं, "आणि आई?" लगेच उत्तर आलं: "मॉनिटर. पहिल्यापासून." मला ती थट्टा वाटली.

त्याच सुमाराला एका फरसाणच्या दुकानाच्या वर कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या जिग्नेशभाईंना लिनक्स शिकवणारं माणूस हवं होतं. आत्यांनी परस्पर माझं नाव सांगून टाकलं. मला कळलं तशी मी कॉम्प्युटरपाशी धावले. "मला गुजराती कुठे येतं?" मी लिहिलं. "कार्डाला तरी कुठे येतं?" त्यांनी लिहिलं.

एक नमुना तास घ्यायचा होता, विषय हाच, वायरलेस कार्ड जोडून दाखवणं. मिलिंद सेकंड शिफ्टला जायच्या आधी सोडायला आला. समोर कॉलेजची मुलंमुली, मागे हाताची घडी घालून जिग्नेशभाई, खालून फाफड्यांचा वास. मी बोलायला लागले आणि कार्ड जोडेचना. एकदा केलं, दोनदा केलं. मागच्या बाकावर खुसखुस सुरू झाली. माझ्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं आणि कानात आत्यांचं ते 'मग रडावं' वाजलं. मी मोड पाहिला. आदल्या बॅचमध्ये कुणीतरी कार्ड मॉनिटरमध्ये टाकून तसंच सोडलं होतं. ते मॅनेज्ड केलं, कार्ड जोडलं गेलं, आणि मला हसू आलं. मोडक्यातोडक्या गुजरातीत मी सांगितलं, की हे कार्ड आत्तापर्यंत घराबाहेर उभं राहून सगळं ऐकत होतं, आता सासरी आलं. मॅनेज्ड एटले वहू, म्हणजे सून; मास्टर एटले सासू. क्लास हसला. एका मुलीने विचारलं, "तो बेन, अ‍ॅड-हॉक एटले?"

"बहेनपणी," मी म्हणाले. मैत्रीण. "कोई उपर नहीं, कोई नीचे नहीं. पण नाम अने चॅनल बन्नेनां सरखां जोईए."

जिग्नेशभाई पुढे आले आणि म्हणाले, "सरस, बेन. रोज सांजे छ थी आठ. काले सवारे हा के ना कही देजो, बीजा बे जण पूछे छे."

आणखी दोघं विचारत होते, उत्तर उद्या सकाळीच द्यायचं होतं, तरी मी अगदी तरंगत घरी आले. सहा ते आठ म्हटल्यावर सासूबाईंनी मटार सोलायचे थांबवले. "दिवेलागणीला? घर टाकून? नको. दुपारचं काही बघ." मिलिंद म्हणाला, "आई म्हणते तर..." आणि सेकंड शिफ्टची बस पकडायला निघून गेला. माझा राग, माझं हुकलेलं काम, मिरजेची गाडी, सगळं एकदम डोक्यात आलं. मी कॉम्प्युटरपाशी जाऊन लिहिलं: आई नको म्हणतात. उद्या सकाळी नाही सांगून येते.

उत्तर आलं नाही. नाव बरोबर होतं, चॅनल बरोबर होतं. मी पुन्हा लिहिलं: आत्या?

तेवढ्यात आमच्या जिन्यावर पावलं वाजली. वर्षानुवर्षं जी बाई हा जिना चढली नव्हती ती दारात उभी होती. कमरेला स्क्रूड्रायव्हर तसाच. श्वास लागलेला.

"वहिनी, मी बंबासाठी आलेली नाही," आत्या म्हणाल्या.

"माळ्यावर आहे. हवा तर घेऊन जा," सासूबाई म्हणाल्या.

"नको. माझ्याकडे गीझर आहे."

आत्या बसल्या नाहीत. वर्गात फळ्यापाशी उभ्या राहतात तशा भिंतीपाशी उभ्या राहिल्या.

"शाळेतले भट्ट सर मला मागणी घालायला याच खोलीत आले होते. गुजराती माणसाला बहीण देत नाही म्हणून दादानं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. तुम्ही त्या दाराआड होतात, वहिनी. तुमच्या बांगड्या वाजल्या. मला वाटलं, आता वहिनी बोलतील. 'नलूला विचारा तरी,' एवढंच. तुम्ही सगळं ऐकलंत आणि एक शब्द बोलला नाहीत." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मला तेव्हा कुणी पाहिजे होतं बोलायला. हिच्यासाठी मी बोलते. पोरगी चांगलं शिकवेल. जाऊ द्या तिला."

'पहिल्यापासून' याचा अर्थ मला तेव्हा कळला. मला रडू आवरेना.

सासूबाई हातातली शेंग नुसती दाबत होत्या. मग म्हणाल्या, "तेव्हा या घरात मला कोण विचारत होतं, वन्सं? ह्यांच्यापुढे माझं तोंड उघडायचं नाही. आणि नंतर तुमच्याकडे यायचं तर कुठल्या तोंडाने येणार होते? तुम्ही बंब बंब करत होतात, मी पण बंबच म्हटलं. बरं पडलं." त्यांनी शेंग ताटात टाकली. "हिला नको का म्हणते मी? मिलिंद शिफ्टला, ही क्लासला. दिवा लावून मी एकटी कुणाकडे बघत बसू? दिवेलागणी मला खायला उठते."

नलूआत्यांनी पदर नीट केला, स्क्रूड्रायव्हर उगाच घट्ट खोचला, आणि परवानगी मागणाऱ्या मुलीसारखं विचारलं, "सहा ते आठ मी येऊन बसू?"

सासूबाईंनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं. मग मटाराचं ताट थोडं पलीकडे सरकवलं.

"बसा. पण सोलता सोलता खायचे नाहीत. तुमची सवय मला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी मी जिग्नेशभाईंना हो सांगितलं. पुढे तो क्लास मोठा झाला, माझाही स्वतःचा झाला. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांना मी पहिलं वाक्य आत्यांचंच शिकवते. या गावात माझं म्हणून जे काही आहे, भाषा, काम, माणसं, ते त्यांच्या जिना चढण्यामुळे आहे. हे मी त्यांना नीट कधी सांगू शकले नाही. सांगायला गेलं की त्या म्हणायच्या, "ए माथाकूट सोड."

पण त्या आठवड्यातली एक गोष्ट सांगायची राहिली. पेढे घेऊन मी पहिल्यांदाच आत्यांच्या घरी गेले. त्या खिडकीशी बसून काम करतात हे मला आमच्याकडून दिसायचंच. पण आतून पाहिलं तर ती जागा बसायची नव्हतीच. टेबल आडवं घालून खिडकीत कोंबलेलं, त्यामुळे कपाटाचं एक दार उघडत नव्हतं. पावसाळ्यात खिडकीतून पाऊस आत यायचा, म्हणून कीबोर्डवर दुधाची पिशवी कापून पसरलेली. खुर्चीच्या पाठीला टॉवेल.

"आत्या, टेबल आत का घेत नाही? पावसात भिजत असाल ना इथे."

"सिग्नल इथेच धरतो," त्या चहा टाकायला जाता जाता म्हणाल्या. "आत अजिबात नाही."

मी त्यांच्या खुर्चीत बसले. समोर आमचं जेवणाचं टेबल दिसत होतं, अगदी ताटात काय वाढलंय तेही कळावं इतकं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. माझी रिकामी खुर्चीही दिसत होती. मग सवयीने मी कार्डाकडे पाहिलं. त्याच्या अँटेनाची तार टेबलाखालून भिंतीच्या कडेने आतल्या खोलीत गेली होती. सिग्नल धरणारी अँटेना पावसात भिजू नये म्हणून आत्यांनी ती देव्हाऱ्यामागे, कोरड्यात ठेवली होती. पडद्यावर सिग्नल पूर्ण होता.

आत्या कप घेऊन आल्या. "बघितलंस? इथे कसा येतो?"

"हो आत्या," मी म्हणाले. "इथेच चांगला येतो."